माथेरान रेल्वेची लघुप्रतिकृती
१९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गावर बेतलेला, टेबलावर मावणारा रेल्वे-देखावा. मूळ रुळांतील अंतर ६१० मिमी. असून १:८७ प्रमाणात ते जेमतेम ७ मिमी. भरते. तेवढे अरुंद रूळ सहजी मिळत नाहीत, म्हणून हौशी मंडळी ९ मिमी. रूळ वापरतात, फरक खपून जातो. मोजके डबे आणि तीव्र वळणे यांमुळे हा मार्ग कमी जागेस फार सोयीचा. मूळचा १:२० चढ मात्र तसाच घेऊ नये. हलक्या इंजिनाची चाके जागीच फिरतात. चढ सौम्य करावा किंवा इंजिनात शिसे भरावे. डोंगर थर्मोकोल व प्लास्टरचा, पण माती तांबडीच हवी. जांभ्याची भुकटी चाळून पातळ फेविकॉलने चिकटवतात. तत्पूर्वी तिच्यावरून चुंबक फिरवावा, नाहीतर लोहकण मोटारीत शिरतात.