सुगियामांची नळी

2009 साली सिॲटलच्या डॅनियल चर्किन यांच्या चमूने जुनाट कंबरदुखीच्या 638 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या एका गटाला ॲक्युपंक्चरची सुई टोचलीच नव्हती. बारीक नळीत दात कोरायची काडी घालून ती कातडीला टेकवली, किंचित फिरवली, इतकेच. खरी सुई घेणाऱ्यांना जितका आराम पडला, जवळजवळ तितकाच या काडीवाल्यांना पडला. नेहमीच्याच उपचारांवर असलेले मात्र दोघांच्याही मागे राहिले. त्या काडीवर बरीच चर्चा झाली. मला नळीने पछाडले, कारण ती नळी सतराव्या शतकातल्या एका अंध जपानी माणसाच्या नावावर आहे.

सुगियामा वाइची (1610–1694). दृष्टी लहानपणीच गेलेली. एडोमधल्या (म्हणजे आजच्या टोकियोतल्या) गुरूने ‘तुला जमणार नाही’ म्हणून वाटेला लावले. दंतकथा अशी, की तो एनोशिमा बेटावर बेंझाइतेन देवीपुढे (ही मुळात आपली सरस्वतीच) उपास करून बसला, परतताना ठेच लागून पडला, आणि काहीतरी टोचले म्हणून चाचपतो तर वळलेल्या पानात अडकलेली पाइनची सुई. कथा इतकी गोड आहे, की मी ती मागाहून रचलेली धरतो. वस्तू मात्र अस्सल. जपानी सुया फार बारीक, हाताने दाबल्या तर वाकतात. नळी सुईपेक्षा काही मिलिमीटर आखूड असते. तिचा काठ कातडीवर टेकवायचा आणि वर डोकावणाऱ्या टोकावर बोटाने टिचकी मारायची. सुई सरळ जाते, नेमक्या जागी जाते, आणि काठाचा दाब आधीच जाणवत असल्याने टोचणे फारसे कळत नाही. पुढे शोगुन त्सुनायोशीची मर्जी, जमीन, अंधांसाठी पाठशाळा, हे सगळे यथासांग झाले.

‘टोचणे फारसे कळत नाही’ यातच माझा सगळा सिद्धांत आहे. टोचल्याचा पुरावा रुग्णाला मिळतो तो कातडीकडून, आणि नळीने हा साक्षीदार आधीच फोडलेला असतो. म्हणून नकली सुईची वंशावळ मी या नळीपासून धरतो.

ब्लाइंडिंगची, म्हणजे उपचार खरा की खोटा हे कळू न देण्याची, कुळकथा सांगणारे पॅरिसपासून सुरुवात करतात. 1784 मध्ये मेस्मरचे चुंबकत्व तपासताना फ्रँकलिनच्या आयोगाने लोकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. 1799 मध्ये बाथच्या जॉन हेगार्थ यांनी पर्किन्सच्या धातूच्या कांड्यांऐवजी लाकडी कांड्या फिरवल्या आणि पाचपैकी चौघांना आराम पडला. ठीक आहे. पण सुईचा प्रश्न डोळ्यांवर सुटत नाही. तो कातडीचा आणि बोटांचा आहे.

नळीचा खरा प्रतिस्पर्धी आहे हायडेलबर्गचा. 1998 मध्ये कोनराड श्ट्राइटबर्गर आणि युर्गेन क्लाइनहेन्झ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक बोथट सुई मांडली. नाटकातल्या खंजिराचे पाते मुठीत सरकते तशी ही आपल्या मुठीत सरकते. 60 जणांपैकी 54 जणांना खरी सुई आत गेल्यासारखी वाटली आणि 47 जणांना ही नकलीसुद्धा! नळी कुठेच नाही. इथे माझी साखळी तुटते, हे मान्य. पण ती सुई उभी राहायची ती कातडीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कड्यात, वर पट्टी चिकटवून. माझ्या मते त्या कड्याने नळीचेच काम केले: टोक झाकले आणि आजूबाजूच्या कातडीला गुंतवून ठेवले.

शिवाय लगेचच नळी परत आली. एक्सेटरच्या जोंगबे पार्क यांच्या साधनात सुईच्या नळीभोवती दुसरी, कातडीला चिकटणारी नळी आहे. तरीही उपचार करणाऱ्याच्या बोटांना खरे-खोटे कळतच होते. औषधाच्या गोळीत ही अडचण येत नाही. देणाऱ्यालाही आत काय आहे ते ठाऊक नसते. 2007 मध्ये टोकियोच्या नोबुआरी ताकाकुरा आणि हिरोयोशी याजिमा यांनी अपारदर्शक नळी घेतली आणि बोथट सुईच्या नळीत भरण घातले. सुई त्या भरणातून सरकताना बोटांना मांसातून जातानासारखा अडथळा लागतो. ज्या नळीने न पाहता सुई लावता यावी, तिनेच आता सुई लावणाऱ्याच्या बोटांना चकवले. सुगियामांच्याच शहरात हे घडले याला मी योगायोग मानत नाही. जिथे पिढ्यानपिढ्या अंध वैद्य बोटांनीच सुई ओळखत आले, तिथे बोटांची शंका घेणे कोणाला तरी सुचणारच.

आता या कुळाची नको असलेली शाखा. चीनच्या ‘लिंगशू’ या प्राचीन ग्रंथात नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. त्यातली एक बोथट, फक्त दाबायची, कातडीत न शिरवायची. जपानमध्ये ती ‘तेइशिन’ म्हणून आजही उपचारात आहे. म्हणजे प्रयोगशाळेने नकली म्हणून घडवलेली सुई परंपरेत अस्सल होतीच. ॲक्युपंक्चरचे समर्थक यावर खूश होतात: ‘तुमचे प्लासिबो निष्क्रिय नाहीच, मग तुलना कशाशी केलीत?’ युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो त्यांच्यावरच उलटतो. दाबूनच काम होत असेल, तर किती खोल टोचायचे आणि नेमके कुठे, यावर त्यांनी लिहिलेल्या जाडजूड ग्रंथांचे काय करायचे, हेही त्यांनीच सांगावे.