शुश्रूषा : एक शिकण्याची विद्या

घरातील जराजर्जर वडीलधाऱ्यांची शुश्रूषा सुनेने वा लेकीने करावयाची, आणि ती त्यांना उपजतच साधते, अशी पुण्याच्या वाड्यांतून पिढ्यानपिढ्या समजूत होती. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले. त्यांच्या अखेरच्या दुखण्यात रमाबाई उशाशी होत्या. पुढे १९०९ साली पुण्यास सेवासदनाचे कार्य सुरू झाले ते रमाबाईंच्याच वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधरांचे त्यांना साहाय्य होते. लवकरच संस्थेच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या.

भल्या घरच्या विधवेने परक्याचे मलमूत्र काढावे, हे पुष्कळांस रुचले नाही. तीच स्त्री घरी सासऱ्याचे अंथरूण धूत असे, तेव्हा मात्र कोणाचा धर्म बुडत नसे! विटाळ बहुधा वेतनाचाच असावा.

वस्तुतः नुसत्या मायेने हे काम निभत नाही. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची कूस साधारण दर दोन तासांनी पालटावी लागते. एरवी माकडहाडावर व टाचांवर व्रण पडतात. घास भरविताना त्यास टेकून बसते करावे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत उतरते. उचलणाराने आपली कंबर न वाकविता गुडघे वाकवावेत, हे तर क्वचितच कोणी सांगते. मग घरात एकाचे दोन रुग्ण होतात.

२००७ च्या केंद्रीय कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचा भार मुलांवर घातला आहे. कूस कशी वळवावी हे शिकण्यास मात्र सुनेला, आणि आता मुलालाही, बहुधा पहिले आजारपणच गाठावे लागते.