बाल-खेळाडू संरक्षण (नांदेड-लातूर)

सराव, शिबिर, स्पर्धेचा प्रवास किंवा तालमीतला मुक्काम यांत १८ वर्षांखालील मुलामुलींचा लैंगिक, शारीरिक वा मानसिक छळ होऊ नये यासाठीच्या कायदेशीर तरतुदी आणि प्रत्यक्ष घ्यायची काळजी.

शालेय स्पर्धांसाठी नांदेड जिल्हा लातूर विभागात मोडतो. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा वर चढतात. संघात कोण, बाहेरगावी कोण जाणार, यात प्रशिक्षकाचा शब्द जड असतो. स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण अवलंबून असते. कोरडवाहू शेती असलेल्या घराला ही वाट गमावणे परवडत नाही. म्हणून ‘सर म्हणतील तसं’ म्हणत घरचेही गप्प बसतात. लातूर हा रुस्तुम-ए-हिंद पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचा जिल्हा. इथल्या कुस्तीत मूल तालमीत राहू लागले की वस्तादच पालक होतो. पोटच्या पोरासारखे पठ्ठे सांभाळणाऱ्या वस्तादांनी हा विश्वास कमावला आहे. गुन्हेगार त्याच विश्वासाआड लपतो.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायदा विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीचा अत्याचार अधिक गंभीर मानतो. अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याच्या २०२० च्या नियमांत क्रीडा अकादमीचा स्पष्ट उल्लेख असून तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी सक्तीची आहे. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०२२ पासून सखी सावित्री समिती आहे, पण ती शाळेच्या फाटकाशी थांबते. संध्याकाळच्या मैदानावरचे खासगी वर्ग तिच्या बाहेर राहतात, आणि सर्वांत मोठी फट हीच आहे.

मारहाणीलाही सूट नाही. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागल्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मार खाल्ल्याशिवाय पैलवान घडत नाही, हा समज टाकून द्यायला हवा.

गप्प बसण्याची किंमत मुलेच मोजतात. १९९० मध्ये पंचकुला येथे हरियाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने १४ वर्षांच्या खेळाडूचा विनयभंग केला. न्यायालयाने दोषी ठरवायला डिसेंबर २००९ उजाडला. ती मुलगी तोवर हयात नव्हती.

तक्रारीसाठी १०९८ ही मोफत मदतवाहिनी चोवीस तास चालते. मुलाचा जबाब घरीही घेता येतो, तो घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसतो आणि मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे.