बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल : कारखानी मालाची पारख

हाताने मागेपुढे सरकणाऱ्या आणि फिरवून बंद होणाऱ्या पोलादी दांड्याने, म्हणजे बोल्टने, काडतूस नळीच्या बुडाशी कोंडून एकेक बार काढणारी रायफल. गिऱ्हाइकाच्या मापाने घडवलेल्या रायफलींचा विचार येथे केलेला नाही; ही नोंद कारखान्यातून हजारांनी बाहेर पडणाऱ्या मालाविषयी आहे. अशा रायफलीचा दर्जा ठरवताना दोन बाजूंनी फसगत होते. डोळ्यांत आधी भरते ते अक्रोडाच्या दस्त्याचे रेषाकाम आणि नळीची निळसर-काळी झळाळी. त्यांचा रानातल्या कामगिरीशी फार थोडा संबंध असतो. कागदावर आधी मोजला जातो तो गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे निशाण्यावर गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसल्या ते, आणि तोही दर्जाचा एक तुकडाच असतो. पारख करायची ती काडतूस मगझिनमधून निघून रिकामे टरफल बाहेर पडेपर्यंतच्या वाटेची.

या वाटेची मोजपट्टी आजही १८९८ ची आहे. जर्मनीतल्या ओबर्नडोर्फच्या पाउल माउझरने त्या वर्षी जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या रायफलीत जी रचना केली, तिच्यात बोल्टच्या तोंडाशी त्याला कुलूप घालणारे दोन जाड कडी-कोंडे, मागे आधाराला तिसरा, टरफल फुटल्यास वायू बाजूला काढून देणारी भोके आणि बोल्टच्या उजव्या अंगाला लांबलचक पोलादी नखी होती. ही नखी म्हणजे माउझरची खरी करामत. काडतूस मगझिनमधून वर येताच त्याच्या बुडाची कड नखीखाली शिरते आणि पुढे नळीच्या बुडातल्या चेंबरमध्ये जाईपर्यंत व परत बाहेर फेकले जाईपर्यंत ते बोल्टच्या पकडीतच राहते. घाईत हात अर्ध्यावरून मागे आला तरी तेच काडतूस परत येते, दुसरे त्याच्यावर चढत नाही. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल मिळालेली रिग्बी कंपनीची .२७५ रायफल याच माउझर ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट आणि त्याच्या पोलादी घरावर, बांधलेली होती.

कारखानी दर्जावरचा सगळ्यात गाजलेला वाद मात्र अमेरिकेतला. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन येथील विंचेस्टरने १९३६ मध्ये मॉडेल ७० बाजारात आणले. नखी माउझरच्या वळणाची, चाप साधा आणि भरवशाचा, सेफ्टी बोल्टच्या मागच्या टोकावर, दस्त्यावर हाताने कोरलेली चौकटजाळी. १९६३ पर्यंत अशा सुमारे ५,८०,००० रायफली निघाल्या. कारागिरांच्या मजुरीमुळे हा माल परवडेना, म्हणून १९६४ मध्ये कंपनीने रचना बदलली. लांब नखी गेली, तिच्या जागी बोल्टच्या तोंडात इवलीशी नखी आली. जाळी कोरण्याऐवजी तापल्या साच्याने दाबून उमटवली जाऊ लागली. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये बोट शिरेल अशी फट राहिली. गिऱ्हाइकांनी कल्ला केला. ‘प्री-६४’ हा शब्द जुन्या बंदुकांच्या बाजारात तेव्हापासून जो रुळला तो आजवर टिकून आहे, आणि तो उच्चारला की किंमत चढते.

या प्रकरणातून लोकांनी काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. १९६४ नंतरची रायफल दिसायला ओबडधोबड होती, पण नेमाला जुनीपेक्षा हटकून वाईट नव्हती; मोकळी नळी बऱ्याचदा फायद्याचीच ठरते. जुन्या मालातही लाकूड फुगून नळीला रेटणारे नग होते. हरवली होती ती नखीची पकड. कंपनीने १९९२ च्या सुमारास ती परत आणली, यातच कबुली आली. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला आणि पुढे हेच मॉडेल दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया येथे बनू लागले.

नखी लहान म्हणजे रायफल हलक्या दर्जाची, असेही नाही. रेमिंग्टनने १९६२ मध्ये आणलेल्या मॉडेल ७०० मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. त्या बदल्यात काडतुसाचे बूड बोल्टच्या तोंडातल्या खोबणीत पूर्ण वेढले जाते, आणि टरफल फाटले तर हा वेढा चेहऱ्याचे रक्षण करतो. हरणासाठी ही रचना पुरेशी आहे. आफ्रिकेत रानरेड्यामागे जाणारे शिकारी मात्र आजही लांब नखीच मागतात. तिथे दुसरे काडतूस अडकले तर तिसऱ्याची वेळ येत नाही.

हातात घेतल्यावर काय पाहावे, याविषयी दुकानांत गैरसमज फार. बोल्ट पूर्ण मागे ओढला की तो हलतो आणि नवखे गिऱ्हाईक लगेच नाक मुरडते. मागे ओढलेला बोल्ट जवळजवळ प्रत्येक रायफलीत हलतो. तो बंद असताना काय करतो हे महत्त्वाचे. वापरलेल्या रायफलीचा बोल्ट बाहेर काढून पुढच्या दोन्ही कोंड्यांची मागची बाजू उजेडात धरावी. दोन्हींवरचा रंग सारखा घासलेला असेल तर भार दोघांवर पडतो आहे. एक चकचकीत आणि दुसरा कोरा काळा असेल, तर बाराचा सगळा दाब एकटा कोंडा सोसतो आहे आणि बोल्ट दर वेळी तिरका रेटला जातो आहे. महागड्या रायफलींतही हे सापडते.

नळीच्या तोंडाची कड तपासायला कापूस पुरतो. काडीवर कापूस गुंडाळून तो तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच बाहेर ओढावा. कुठे तंतू अडकून राहिले तर तिथे बारीक कोच आहे. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू सगळीकडून सारखा सुटायला हवा. कोच असलेल्या बाजूने तो आधी निसटतो आणि गोळीला कलवतो.

दस्ता आणि ॲक्शन यांची बैठक हा कारखान्यांचा जुना चोरकप्पा. ती पाहायची रीत सोपी आहे. रायफल दस्त्याच्या बुडावर उभी धरावी, नळी आणि दस्त्याचे टोक जिथे जवळ येतात तिथे बोट दोन्हींना टेकवावे आणि दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. बोटाखाली नळी सरकल्यासारखी वाटली, तर तो स्क्रू इतका वेळ ॲक्शनला वाकवून धरत होता. चांगल्या बैठकीत काहीच जाणवत नाही. नळी मोकळी असल्याचा दावा असेल तर कागदाची पट्टी तिच्याखालून ॲक्शनपर्यंत विनाअडथळा गेली पाहिजे. स्वस्त प्लास्टिकच्या दस्त्याचे टोक मुठीत दाबून पाहावे. बरेचसे दाबल्यावर वाकून नळीला टेकतात, आणि टेकू लावून बार काढताना नेमके तेच होते.

चापाची ओढ शिकारी रायफलीत साधारण १.१ ते १.८ किलोग्रॅम असावी आणि काच तुटावी तशी एकदम सुटावी. त्याहून महत्त्वाची सेफ्टी. रायफल रिकामी करून, चेंबरमध्ये करंगळी घालून खात्री केल्यावर, सेफ्टी लावावी, चाप जोराने ओढून सोडावा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढावी. घोडा पडल्याचा खट असा आवाज आला तर ती रायफल फुकट मिळाली तरी घेऊ नये. चापाचा दोष मोठ्या नावालाही चुकत नाही. २०१४ मध्ये रेमिंग्टनने आपल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या आठ वर्षांतल्या रायफली परत मागवल्या. जुळणीत वापरलेला चिकट द्राव जास्त पडल्याने काही नग आपोआप सुटण्याची भीती होती.

आता ग्रुपविषयी. शंभर यार्डांवर एक मिनिट कोन म्हणजे जवळपास १.०५ इंच, आणि इतक्यात तीन गोळ्या बसवण्याची हमी आज मध्यम किमतीच्या रायफलीही देतात. फिनलंडमधल्या रीहीमाकीच्या साको कारखान्यात २००३ पासून निघू लागलेली टिक्का टी३ हे याचे उत्तम उदाहरण. मगझिन प्लास्टिकचे, सगळ्या काडतुसांना ॲक्शन एकाच लांबीची. जुन्या पठडीच्या लोकांनी नावे ठेवली. पण बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि नळी त्याच घराण्याच्या महागड्या रायफलीच्या तोडीची. अमेरिकेत सॅव्हेजचे १९५८ चे मॉडेल ११० असेच. त्याची नळी मोठ्या नटाने आवळलेली असल्याने चेंबरची खोली जुळवणे स्वस्त पडते. दिसायला ती नळदुरुस्तीची जोडणी वाटते, आणि नेमात भल्याभल्यांना मागे टाकते.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर मात्र विसंबू नये. तीच रायफल, तेच काडतूस, तोच नेमबाज असताना दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरी दीडपटीहून थोडा मोठाच येतो. हे गणित आहे, रायफलीचा दोष नव्हे. चार ग्रुप मारून सर्वांत लहान तो खिशात घालून फिरणारे लोक प्रत्येक रेंजवर भेटतात. शिकारीत खरी कसोटी थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीची. ती आज, उद्या आणि पावसात भिजल्यावर त्याच जागी बसते का, हे पाहावे. आणि एकाच काडतुसावर निकाल देऊ नये. एका बनावटीला नाक मुरडणारी नळी दुसरीशी सोन्यासारखी वागते.

नळीच्या मजबुतीची हमी युरोपात बऱ्याच देशांत सरकारमान्य चाचणीघर देते. बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ चे आहे. नेहमीच्या कमाल दाबाहून सुमारे २५ टक्के जास्त दाबाचे काडतूस उडवून मगच शिक्का उमटतो. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे कारखाना आपली चाचणी आपणच घेतो. हा शिक्का रायफल फुटणार नाही इतकेच सांगतो, नेमाविषयी काही नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले. परवान्यावर जी देशी रायफल मिळते ती बहुधा इशापूरच्या कारखान्याची .३१५ असते. तिची ॲक्शन ली-एनफिल्डच्या वंशातली असल्याने वरची कोंड्यांची परीक्षा तिला जशीच्या तशी लागू पडत नाही. तिचे कोंडे बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत आणि बोल्टचे डोके वेगळे, फिरवून बसवलेले असते. जुनी रायफल घेताना ते डोके मूळचे आहे की दुसऱ्या बोल्टचे काढून लावलेले, हे पाहून चेंबरची खोली गेजने तपासून घ्यावी. काडतुसाबाबत निवडीला वाव थोडा. बहुतेकांच्या हाती येते त्या .३१५ च्या बुडावर इंग्रजीत ‘केएफ’ ही अक्षरे असतात; ती किर्की फॅक्टरीची, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची.