बोराचा बादरायण संबंध

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला विचारलं, "सर, आलुबुखार घरी कसा टिकवायचा?" मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. पण प्रश्न डोक्यात राहिला.

आलुबुखाराच्या झाडाला हिवाळ्यात चांगली थंडी लागते. यवतमाळच्या 45 अंशांत ते कुठून जगणार? आपल्याकडे तो वाळलेलाच येतो, बुखारा शहराचं नाव घेऊन, वाण्याच्या बरणीतून. इंग्रजांनी मात्र आपल्या बोरालाच 'इंडियन प्लम' म्हटलं. दोघांची कुळं वेगळी, म्हणजे संबंध अगदी बादरायण! गंमत बघा, हा वाक्प्रचारही बोराचाच आहे. तुमच्या अंगणात बोरीचं झाड, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, म्हणून आपण नातेवाईक, असं सांगणाऱ्या आगंतुक पाहुण्याची ती गोष्ट. बदरी म्हणजे बोर. ब्रह्मसूत्रांचे कर्ते बादरायण यांच्या नावातही तीच बदरी.

बोराशी आपलं नातं मात्र खरं आणि जुनं आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात बोराच्या जळक्या बिया मिळाल्या. लोक तेव्हाही बोरं खात होते.

आमची आजी पौषात गावरान बोरं वाळवायची. आधी किडकी वेगळी काढायची. मग जुन्या लुगड्यावर पसरून धाब्यावर ऊन द्यायची. दव पडतं म्हणून संध्याकाळी आत आणायची. साल सुरकुतली, दाबून ओल लागेनाशी झाली, की पूर्ण गार करून मडक्यात, वर कडुलिंबाचा पाला. गरम भरली तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. एका वर्षी घाई झाली आणि अख्खं मडकं गेलं. ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. उन्हाळ्यात तीच बोरं भिजवून, उकडून, मीठ-गूळ लावून मिळायची. उरलेली उखळात कांडली की बोरकूट.

एका मडक्यासाठी इतकं दुःख का? आता इतिहासाकडे येतो.

आपला जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, कापसाचा भाव कडाडला आणि वऱ्हाडात कापूस पसरत गेला. कापूस पैसा देतो, पण मडक्यात भरून खाता येत नाही. पुढे 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दाखवून दिलं, की धान्य असूनही ते मिळवण्याची ऐपत गेली की माणूस उपाशी मरतो. मडकंभर बोरांनी दुष्काळ टळत नाही, हे मान्य. पण ज्यासाठी कुणाकडे पैसे किंवा परवानगी मागावी लागत नाही, असं ते अन्न होतं.

परवानगीचा मुद्दा किरकोळ नाही. 1892 साली मुंबई सरकारनं ठाणे-कुलाब्यात मोहफुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर कायद्यानं निर्बंध घातले. कारण, दारूवरचा महसूल. तो कायदा वऱ्हाडाला लागू नव्हता. तरी त्यातून एक गोष्ट कळते: गरिबाच्या घरातला साठा सत्तेच्या डोळ्यांत खुपतो, कारण साठा असलेला माणूस थोडा तरी स्वतंत्र असतो.

आज आपण संक्रांतीला लेकराच्या बोरन्हाणासाठी बोरं विकत आणतो आणि धुऱ्यावरची बोरी मात्र तोडतो. गॅझेटिअरमध्ये कापसाच्या गाठी मोजलेल्या सापडतील. आजीचं मडकं कुणी मोजलं नाही. तेव्हा घरी गेल्यावर वयस्क बायांना विचारा, त्या काय वाळवत होत्या, कशात भरत होत्या. लिहून ठेवा. हाही इतिहासच आहे.

आणि त्या बाईंना उत्तर: वाण्याकडचा आलुबुखार कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, ओला चमचा घालू नका, रात्री भिजवून सकाळी खा. बाकी सगळं आजीनं सांगितलंच आहे.