वेशीवर हाका मारणारी

आम्ही सूसच्या बाया विठोबालाही माउली म्हणतो. ख्रिस्ती लोकांचा देव मात्र बापच, असं आम्हाला वाटायचं. पण बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात देवाचं ज्ञान बाई होऊन येतं. ती वेशीपाशी उभी राहून हाका मारते, घर बांधते, साध्याभोळ्यांना जेवायला बोलावते. मूळ हिब्रूत ज्ञानाचा शब्दच स्त्रीलिंगी आहे. मराठीत आपण ‘ते ज्ञान’ म्हणतो, म्हणून ती बाई पटकन दिसत नाही.

पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या. तरी १८८९ साली विधवांसाठी शाळा काढली, तेव्हा नाव दिलं ‘शारदा सदन’. शारदा म्हणजे विद्येची देवी. पुढे आपल्याच जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनात, हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. छापखान्यात हात बायकांचेच. रमाबाई १९२२ साली गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली निघालं.

‘बाईची अक्कल चुलीपुरती’ असं कुणी म्हणालं, तर आम्ही आता सांगतो: त्या जुन्या पोथीत देवाची अक्कलच बाई आहे, आणि ती चुलीपाशी नाही, वेशीवर उभी आहे.