डर्ट बाइकची हवा गाळणी

डर्ट बाइकची हवा गाळणी (प्रचलित नाव एअर फिल्टर) ही कच्च्या वाटांवर चालवल्या जाणाऱ्या दुचाकीच्या इंजिनात शिरणाऱ्या हवेतील धूळ अडवणारी गाळणी होय. होंडा सीआरएफ५०एफ, यामाहा पीडब्ल्यू५०, कावासाकी केएलएक्स११० यांसारख्या लहान गाड्यांत ती पॉलियुरेथेनच्या स्पंजासारख्या फोमची असते. ती धुऊन, तेल लावून अनेकदा वापरता येते.

कार्य

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. आकारमानाच्या हिशेबाने एक लिटर पेट्रोलमागे इंजिन सुमारे ९,००० लिटर हवा ओढते. पुढच्या गाडीच्या मागोमाग मातीतून जाताना या हवेत मोठ्या प्रमाणात धूळ मिसळलेली असते. मातीतील क्वार्ट्झच्या कणांची कठिनता मोस मापक्रमावर ७ असून ते चाकूच्या साध्या पोलादापेक्षाही कठीण असतात. असे कण तेलात मिसळले की सिलिंडर, पिस्टन व रिंगा घासल्या जातात. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकाही झिजतात. दोन फटक्यांच्या (टू-स्ट्रोक) इंजिनात येणारी हवा आधी क्रँककेसमधून जात असल्याने तेथील बेअरिंगही सुटत नाहीत.

फोमची छिद्रे बारीक धुळीच्या मानाने बरीच मोठी असतात. धूळ अडते ती मुख्यतः फोमच्या धाग्यांवरील चिकट तेलाला चिकटून. त्यामुळे स्वच्छ धुतलेली पण कोरडी बसवलेली गाळणी दिसायला निर्दोष असली, तरी तिच्यातून बारीक धूळ सहज आत जाते. भारतातील रोजच्या वापराच्या मोटारसायकलींत बहुधा कागदी गाळणी असते. तिच्यातील तेल लावलेल्या (व्हिस्कस) प्रकाराला धुणे किंवा हवा मारणे वर्ज्य असून ती ठरावीक अंतरानंतर बदलावी लागते. त्या गाळणीची सवय फोमच्या गाळणीला लावणे जितके चुकीचे, तितकेच फोमची पद्धत कागदी गाळणीला लावणेही चुकीचे ठरते.

सफाई

गाळणी किती दिवसांनी धुवावी हे अंतरापेक्षा धुळीवर ठरते. कोरड्या मातीत गट करून चालवल्यास प्रत्येक फेरीनंतर ती पाहावी लागते. गाळणी तुंबली की कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, स्पार्क प्लग काजळीने काळा पडतो, धूर काळा येतो आणि ओढ कमी होते. फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या गाळणीची अशी कोणतीही खूण लगेच दिसत नाही, उलट गाडी काही काळ उत्तम चालते. तुंबलेल्या गाळणीपेक्षा ती अधिक घातक असते.

आसन किंवा बाजूचे झाकण काढण्यापूर्वी गाडीवरील माती पुसून घेतात, अन्यथा ती सुटून हवापेटीत पडते. गाळणी बाहेर काढल्यावर कार्बोरेटरकडे जाणारे तोंड स्वच्छ कापडाने बंद करून पेटी आतून पुसतात. पेटीच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या नळीत पाणी वा तेल साचले असल्यास तेही काढून टाकतात.

फोम जाळीच्या सांगाड्यावरून सोडवून प्रथम फोमच्या गाळणीसाठीच्या द्रावणात दाबून त्यातील जुने तेल काढतात, नंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतात. फोम पिळू नये, केवळ दाबावा. पिळल्याने जोड उसवतात. अनेक गॅरेजांत पेट्रोलने धुण्याची पद्धत दिसते. पेट्रोल तेल झटपट काढते हे खरे, परंतु त्याच्या वाफा ठिणगीने पेट घेतात आणि थरांना जोडणारा गोंद सैल पडतो. उत्पादकांच्या पुस्तिका सहज पेट घेणारी द्रावणे टाळण्यास सांगतात. फोम सावलीत पूर्ण वाळू देतात, कारण ओलसर भागावर तेल धरत नाही. जोराची हवा मारल्यास त्याचे धागे तुटतात.

यानंतर गाळणीचे तेल लावून फोम हलक्या हाताने दाबत राहतात. हे तेल बहुधा निळे, हिरवे किंवा लाल असते. रंग सर्वत्र सारखा दिसेपर्यंत तेल मुरवायचे व जास्तीचे दाबून काढायचे, असा हिशेब असतो. द्रावक उडून तेल चिकट होण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून गाळणी आदल्या रात्री तयार ठेवणे सोयीचे. इंजिन ऑइल पातळ असल्याने ओघळून तळाशी साचते व वरचा भाग कोरडा राहतो. ते केवळ अडचणीच्या वेळचा पर्याय आहे.

बसवणी

गाळणीच्या कडेला पाण्यात न विरघळणाऱ्या ग्रीसचा पातळ थर लावून ती बैठकीवर सर्व बाजूंनी टेकल्याची खात्री करतात. पुढच्या वेळी गाळणी काढताना याच ग्रीसवर आतपर्यंत गेलेली धुळीची रेघ दिसल्यास तेथून हवा चोरून शिरत होती असे समजावे. हवानळीच्या आतल्या बाजूवरून पांढरे कापड फिरवणे ही दुसरी साधी चाचणी आहे. कापडाला कण लागणे चांगले लक्षण नाही. काही गाड्यांत गाळणीच्या आत धातूची जाळी असते. इंजिनाने उलट भडका मारल्यास तेलकट फोम पेटू नये म्हणून ती ठेवलेली असते, ती काढून टाकू नये.

बदल

फोम फाटला, थरांचा जोड सुटला किंवा चिमटीत दाबल्यावर भुगा पडू लागला, तर गाळणी बदलतात. उष्णता व दमट हवेमुळे फोम न वापरताही जीर्ण होतो, म्हणून बराच काळ पडून राहिलेल्या गाडीत तो प्रथम पाहावा. भुगा झालेला फोम थेट कार्बोरेटरमध्ये ओढला जातो. नवी गाळणी मूळ मापाची असावी. अधिक मोकळी गाळणी बसवल्यास मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटू शकते व कार्बोरेटरचे जेट बदलावे लागतात. लांबच्या सफरीत तेल लावलेली दुसरी गाळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत नेण्याची पद्धत आहे. वाटेत धुणे शक्य नसते, बदलणे मात्र काही मिनिटांत होते.